टर्की रनचा छपराचा पूल: आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर

शिकागोकडच्या मराठी घरांत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कुणाचे ना कुणाचे आई-बाबा आलेले असतात. नायगरा होतो, डाउनटाउन होतं, देऊळ होतं. मग तिसऱ्या आठवड्यात बाबा खिडकीशी बसून म्हणतात, "इथे गाव म्हणून काही असतं का रे?" त्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे. इंडियाना राज्यातली पार्क नावाची काउंटी (म्हणजे जिल्हा), तिथलं टर्की रन स्टेट पार्क आणि त्या पार्कातला १८८२ सालचा छपराचा लाकडी पूल, नॅरोज ब्रिज.

या एका काउंटीत असे ३१ पूल आहेत. ती स्वतःला छपराच्या पुलांची जागतिक राजधानी म्हणवते. आकडा ऐकला की आपल्यातला अष्टविनायक करणारा यात्रेकरू जागा होतो आणि एका दिवसात किती 'होतील' याचा हिशोब सुरू होतो. तो करू नका. आम्ही पहिल्या वर्षी दिवसभरात अकरा पूल केले. संध्याकाळी फोनमध्ये अकरा लाल पुलांचे फोटो होते आणि कुठला कुठला, हे एकालाही सांगता येईना. एक पूल नीट बघा, जमलं तर संध्याकाळी आणखी एक. पुढचं सगळं त्याच बेताने लिहिलं आहे.

कधी जायचं

ऑक्टोबरचा दुसरा शुक्रवार आला की तिथे कव्हर्ड ब्रिज फेस्टिव्हल सुरू होतो. तो दहा दिवस चालतो आणि १९५७ पासून भरतो आहे. जत्रा म्हणून धमाल आहे. रॉकव्हिल या काउंटीच्या मुख्य गावी कोर्टाच्या आवारात तंबू पडतात. ब्रिजटन आणि मॅन्सफिल्ड या खेड्यांत पुलाभोवती दुकानंच दुकानं, तळणीचे वास, जुन्या वस्तूंचे ढीग. पण एकेरी गावरस्त्यावर शनिवारी दुपारी गाड्यांची जी रांग लागते, ती पाहून मला चतुर्थीच्या आदल्या रात्रीचा मुंबई-गोवा महामार्ग आठवला. गुडघेदुखीवाल्या माणसाला त्यात अडकवू नका. जत्रा बघायचीच असेल तर आठवड्यातला एखादा मधला वार धरा आणि सकाळी लवकर पोचा.

माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. जत्रा उठलेली असते, झाडांवर रंग बऱ्यापैकी शिल्लक असतो, डास गेलेले असतात. मेमध्ये हिरवाई छान, पण पाऊस झाला की दऱ्यांमधल्या वाटा चिखलाच्या होतात. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि गोचिडी. जानेवारीत बर्फातला लाल पूल फोटोत फार देखणा दिसतो, पण पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ असतो. तेव्हा तरण्यांनी जावं.

निघण्याआधी घड्याळ

हा मुद्दा वेगळा काढतो, कारण आम्ही यात फसलो आहोत. शिकागोत आणि इलिनॉयमधल्या शँपेनमध्ये सेंट्रल वेळ, पार्क काउंटीत ईस्टर्न. म्हणजे जाताना एक तास तुमच्या हातून जातो. आम्ही नऊला निघालो, तीन तासांचा रस्ता, बाराला पोचू म्हणून साडेबाराची नाव ठरवली होती. पोचलो तेव्हा तिथे एक वाजला होता आणि नाववाल्यांची ती खेप गेली होती. चूक शंभर टक्के आमची. फोन आपोआप वेळ बदलतो, पण ती आधी नाही, सीमा ओलांडल्यावर बदलतो.

याच कारणाचा एक फायदाही आहे. ही काउंटी ईस्टर्न वेळेच्या पार पश्चिम टोकाला असल्याने तिथे घड्याळाच्या मानाने उजेड उशिरापर्यंत राहतो. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत दिसतं. उलट ऑक्टोबरात सकाळी साडेसातलाही धड उजाडलेलं नसतं, त्यामुळे फार पहाटे पोचून उपयोग नाही.

रस्ता

पार्कचं फाटक राज्य मार्ग ४७ वर आहे. यूएस ४१ हा उत्तर-दक्षिण रस्ता सोडला की पूर्वेला दोनेक मैल. इंडियानापोलिसहून दीड तास: आय-७४ ने क्रॉफर्ड्सव्हिल आणि तिथून ४७ धरा. शँपेनहून आय-७४ ने पूर्वेला येऊन ४१ वर दक्षिणेकडे वळा. पर्ड्यू विद्यापीठाची पोरं तासाभरात येतात. शिकागोच्या उपनगरांतून तीन तास धरा आणि आई-बाबा असतील तर वाटेतले दोन थांबे मिळून साडेतीन.

आय-७४ सोडल्यानंतर पेट्रोलपंप विरळ होतात आणि पार्कच्या दऱ्यांत फोनची रेंज जवळजवळ नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. कुठे आणि किती वाजता भेटायचं ते गाडीतून उतरण्याआधी ठरवा, "फोन करतो" यावर काही सोडू नका. फाटकावर प्रत्येक गाडीमागे प्रवेशशुल्क घेतात, परराज्याच्या नंबरप्लेटला थोडं जास्त. चालू दर इंडियाना राज्य उद्यानांच्या संकेतस्थळावर बघून निघा. फाटकावर कागदी नकाशा मागून घ्या आणि तो बाबांच्या हातात द्या. त्यांना काम हवं असतं.

आधी पूल, मग बाकीचं

बहुतेक लोक नेचर सेंटरपाशी गाडी लावतात, खाली उतरतात, झुलत्या पुलावरून शुगर क्रीक ही छोटी नदी ओलांडतात आणि दऱ्यांत शिरतात. दमून परत आल्यावर छपराचा पूल 'वाटेत' बघतात. तुम्ही उलटं करा. सकाळी पाय ताजे असतात आणि पुलावर माणूस नसतो.

शुगर क्रीकच्या काठाने जाणारी एक नंबरची पायवाट झुलत्या पुलाकडून नॅरोज ब्रिजपर्यंत येते आणि चालू शकणाऱ्यांना ती आवडेल. पण आई-बाबांना घेऊन गाडीनेच पुलाजवळ या. बाजूला नवा काँक्रीटचा पूल झाल्यापासून जुन्यावर गाड्या जात नाहीत, फक्त माणसं चालतात. त्यामुळे मध्ये उभं राहायला, बसायला, फळीवर हात टेकून श्वास घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

नॅरोज म्हणजे क्रीक जिथे खडकांत आवळलेली आहे ती जागा. सॅल्मन लस्क नावाच्या माणसाने १८२६ मध्ये इथे पाणचक्की घातली. १८४७ च्या पुरात ती वाहून गेली. त्याचं १८४१ चं विटांचं घर मात्र अजून वर उभं आहे, पुलापासून हाकेच्या अंतरावर. पूर येणार ही इथली जुनीच गोष्ट, आणि पूल पाण्यापासून इतका उंच का घेतला याचं उत्तरही तेच.

पूल कसा बघायचा

इथे घाई करू नका. किमान अर्धा तास द्या.

आधी तोंडाशी उभे राहा. दाराच्या कपाळावर पुलाचं नाव, साल आणि बांधणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं. जोसेफ ब्रिटन हा तो बांधणारा. या काउंटीतले पुष्कळ पूल दोनच माणसांनी बांधले, एक हा ब्रिटन आणि दुसरा जे. जे. डॅनियल्स. जुन्या पुलांवर आणखी एक ओळ दिसते, तिचा अर्थ असा की घोडा चालीनेच न्या. दुडक्या चालीत टापा एका लयीत पडल्या की लाकडी पुलाला हिसके बसतात, म्हणून ती ताकीद.

मग आत या. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. सुमारे १२० फूट लांबीचा हा पूल मध्ये एकही खांब नसताना क्रीकवर उभा आहे. कसा, ते दोन्ही बाजूंच्या लाकडात दिसतं. सुतार छपराला ज्या कैच्या घालतात तसलीच ही कैची, फक्त आडवी पसरलेली: उभे खांब आणि दोन्ही टोकांकडून मध्याकडे कलणारे तिरके वासे. त्या कैचीला दोन्ही अंगांनी कवेत घेणारी एक लांबलचक लाकडी कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. थिओडोर बर या अमेरिकन पूलबांधणाऱ्याची ही युक्ती, त्याने १८१७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कमानीची टोकं फळ्यांच्या खाली जाऊन काठावरच्या दगडी बांधकामात टेकतात. पुलावरचा भार कैची आणि कमान वाटून घेतात. टोकाशी वाकून ती कमान कुठे नाहीशी होते ते बघा, मुलांना हे फार आवडतं. आणि मधोमध उभं राहून एकाला जोराने पाय आपटायला सांगा. थरथर तुमच्या तळव्यांत येते, कठडा धरला असेल तर हातातही.

छप्पर कशासाठी, हा प्रश्न हमखास येतो. बर्फ पुलावर साचू नये म्हणून, असं आपण झटकन सांगतो आणि ते चूक आहे. बर्फ तर लोकांना हवा असे. घसरगाड्यांच्या दिवसांत थंड मुलखांत छपराच्या पुलांवर बाहेरून बर्फ आणून पसरत, नाहीतर गाडी कोरड्या फळ्यांवर अडायची. छप्पर आहे ते लाकूड कोरडं ठेवायला. सांध्यांत पाणी मुरलं की कैची काही वर्षांत कुजते. छताखाली तीच शंभर-दीडशे वर्षं टिकते. वरची फळकुटं सडली तर ती बदलायला फारसा खर्च नाही, कैची बदलायची म्हणजे पूल नवा.

मी हे सगळं वाचून गेलो होतो आणि आईला समजावत होतो. ती देवरुखकडची. तिने फळीवरून हात फिरवला, खालच्या पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मातीच्या भिंतीला आपण पावसाआधी झापं बांधतो ना, तेच हे. साकवाला झापं बांधलीत." माझं दहा मिनिटांचं व्याख्यान तिथेच संपलं. मग ती तिच्या लहानपणच्या साकवाबद्दल बोलत राहिली. पोफळीच्या दोन ओंडक्यांवर दरवर्षी नव्याने घालायचा आणि दरवर्षी आषाढात वाहून जायचा. ते मी पस्तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी बाहेर येऊन काठाशी जिथवर सुरक्षित जाता येईल तिथून पुलाची पोटाकडची बाजू बघा. फोटोही तिथूनच चांगला येतो, सकाळचं ऊन लाल फळ्यांवर असताना. पाण्यात मात्र उतरू नका. क्रीक दिसायला गुडघाभर असते, पण वर कुठे पाऊस झाला की झपाट्याने चढते.

मग दोन तुकड्या करा

इथून घरातल्यांचे दोन गट पाडा. मन वाईट करून घ्यायचं कारण नाही, दोघांनाही हवं ते मिळतं.

तरणी मंडळी आणि साताठ वर्षांवरची मुलं: नेचर सेंटरकडे जा, झुलता पूल ओलांडा आणि तीन नंबरची वाट धरा. अंतर पावणेदोन मैलांच्या आत आहे, पण दोन तास ठेवा. मॅन्सफिल्ड सँडस्टोन नावाच्या वालुकाश्मात हिमनद्यांच्या वितळपाण्याने कोरलेल्या या घळी आहेत. सांधण दरी पाहिलेल्यांनी तेवढी खोली मनात धरून येऊ नये. पण इथे शेवाळ, नेचे आणि भिंतींवरून झिरपणारं पाणी असल्याने अंगावर येणारा गारवा अगदी तसाच. वाट बऱ्याच ठिकाणी ओढ्यातूनच जाते. बूट ओले होणार हे धरून चला, कोरडे मोजे गाडीत ठेवा. 'बेअर हॉलो' भागात तीन लाकडी शिड्या आहेत. शिडी उतरण्यापेक्षा चढणं सोपं, म्हणून कुठल्या दिशेने गेलं की त्या चढाच्या येतील ते नेचर सेंटरमध्ये विचारून घ्या. पाणी जास्त असलं किंवा बर्फ असला की पलीकडच्या वाटा बंद करतात, तेही तिथेच कळतं. ओल्या शेवाळावर कसं चालायचं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको: टाच नाही, पूर्ण पाऊल टेकवा आणि घाई नको. पुण्याच्या मंडळींनी मात्र चपला घालून येऊ नये. मी नावं घेत नाही.

तीन पानांचं देठ दिसलं की हात लावू नका, ते पॉयझन आयव्ही. खाजकुयली परवडली म्हणाल. तिची खाज तासाभरात ओसरते, याची दोन आठवडे पुरते. उन्हाळ्यात आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी गोचीड बघा.

ज्येष्ठ मंडळी: झुलत्या पुलाकडे जाताना खाली उतरणाऱ्या पायऱ्या बऱ्याच आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या असतात. गुडघे कुरकुरत असतील तर तिकडे जाऊच नका. नेचर सेंटरमध्ये पक्षी बघायची खिडकी आहे, बाबा तिथे तासभर रमतात. जवळ १८७१ चं ओंडक्यांचं छोटं चर्च आहे. आणि जुलिएट स्ट्रॉस यांच्या स्मरणार्थ उभारलेला पुतळा बघायला विसरू नका, कारण त्या नसत्या तर बघायला झाडंच नसती.

गोष्ट अशी. सॅल्मनचा मुलगा जॉन लस्क याने आयुष्यभर एक झाड विकलं नाही. १९१५ मध्ये तो गेला आणि जमीन लिलावात निघणार हे ठरलं. या जुन्या जंगलावर लाकूडवाल्यांचा डोळा होता. रॉकव्हिलच्या स्तंभलेखिका असलेल्या स्ट्रॉसबाईंनी गव्हर्नरला पत्र लिहिलं, लोक जमवले. १९१६ च्या लिलावात तरीही लाकडाचे पातळ पापुद्रे काढणाऱ्या एका व्हीनियर कंपनीने ३०,२०० डॉलरला बोली जिंकली. पार्कवाले हरले. मग त्याच वर्षी राज्य उद्यानांसाठी झटणाऱ्या रिचर्ड लिबर आणि मंडळींनी कंपनीला ४०,२०० डॉलर मोजून जमीन सोडवली आणि टर्की रन हे इंडियानाचं दुसरं स्टेट पार्क झालं. सहा महिन्यांत दहा हजार जास्त! बाबांनी हा हिशोब दोनदा करून घेतला.

जेवण

पार्कातल्या १९१९ पासूनच्या टर्की रन इनमध्ये जेवणाची सोय आहे, पण शाकाहारी माणसाला तिथे सॅलड आणि फ्राइजच्या पलीकडे फार आशा धरता येणार नाही. डबा न्या. पार्कात टेबलं आणि सावली भरपूर. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही-मिरची, आणि थर्मासमध्ये चहा. चहा विसरलात तर दिवस फुकट. कचरा परत न्या आणि राकून फार धीट असतात, डबे उघडे ठेवून फोटो काढायला जाऊ नका.

दुपारनंतर आणखी एकच

दोन्ही तुकड्या एकत्र आल्या आणि अंगात जोर असला तर दोन पर्याय आहेत.

जवळचा कॉक्स फोर्ड ब्रिज, पार्कच्या पश्चिम कडेला त्याच शुगर क्रीकवर. १९१३ च्या पुरात इथला लोखंडी पूल गेला आणि त्याच्या जागी पुन्हा लाकडीच बांधला, तोही ब्रिटननेच. नॅरोज बांधल्याला तोवर ३१ वर्षं झाली होती. सकाळी नॅरोज नीट बघितला असेल तर इथे तुम्हाला सांगावं लागत नाही, कमान कुठे संपते ते डोळे आपसूक शोधतात.

दुसरा, जरा लांबचा, दक्षिणेकडचा ब्रिजटन. डॅनियल्सने १८६८ मध्ये बांधलेला दोन गाळ्यांचा पूल, खाली धबधब्यासारखं वाहणारं बांधाचं पाणी आणि शेजारी पीठगिरणी. पण आज दिसतो तो मूळचा नाही. एप्रिल २००५ मध्ये कुणीतरी तो पेटवून दिला. गावकऱ्यांनी २००६ मध्ये त्याच जागी, त्याच धाटणीचा नवा उभा केला. नवा आहे म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला उलट तो आवर्जून बघावासा वाटतो, कारण अशी कैची आजही कुणाला तरी घालता येते हे तिथे दिसतं.

वाटेत घोडागाडी दिसली तर ती जत्रेची सजावट समजू नका. काउंटीच्या उत्तर भागात मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाची कुटुंबं राहतात, ती त्यांची रोजची गाडी. वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका, मोठं अंतर ठेवून पुढे जा. आणि त्यांचे चेहरे दिसतील असे फोटो काढू नका, त्यांना ते रुचत नाही. ऑक्टोबरात मक्याच्या कापणीची अवजड यंत्रंही याच रस्त्यांवर असतात, त्यांच्या मागे पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या.

परत फिरताना

संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर येतात, एक गेलं की मागून दुसरं येणार असं धरूनच ब्रेकवर पाय ठेवा. वेळेची सीमा ओलांडली की सकाळी गेलेला तास परत मिळतो. आम्ही तो दरवेळी वाटेतल्या एखाद्या थांब्यावर चहा संपवण्यात घालवतो. गेल्या खेपेला त्या तासात आई मागच्या सीटवरून मावशीला फोनवर सांगत होती, "पूल कसला गं, घरच आहे ते. पाण्यावर ओटी घातलीय."